मदरबोर्ड बदलल्याचे बिल, मदरबोर्ड मात्र जुनाच

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. सौदे सुरू झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब), हमाली-तोलाईचा हिशेब आणि खरेदीदारांची बिले हे सारे काम एकाच सर्व्हरवर चालते. ऐन हंगामात तो सर्व्हर निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागला आणि पट्टीसाठी ताटकळलेल्या शेतकऱ्यांना तसेच परत पाठवावे लागले. या अडचणीचा फायदा घेऊन एका दुरुस्तीवाल्याने आमची जी फसवणूक केली, तशी इतर कोणाची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम त्याने व्हायरस आल्याचे सांगून सर्व्हर फॉरमॅट केला आणि त्याचे पैसे घेतले. तरीही तो बंद पडतच राहिला, तेव्हा मदरबोर्ड जळाल्याचे सांगून तो सर्व्हर आपल्या दुकानी घेऊन गेला आणि नवा मदरबोर्ड व नवी हार्ड डिस्क बसवल्याचे बिल लावून परत आणून दिला. बिलावर ना जीएसटी क्रमांक होता, ना सुट्या भागांचे सिरीयल नंबर. काढलेले जुने भाग मागितले तर "ते भंगारात गेले, साहेब, पक्के बिल नंतर देतो," असे उत्तर मिळाले. थोड्याच दिवसांत निळी स्क्रीन पुन्हा आली.

मग मिरजेच्या एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी सर्व्हरचा इव्हेंट लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, उघडला. सर्व्हरच्या मदरबोर्डवर देखरेखीसाठी एक स्वतंत्र चिप असते. मेमरी, पंखे, तापमान आणि वीजपुरवठ्यातले बिघाड ती स्वतःच्या साठ्यात तारीख-वेळेसह नोंदवते, त्यामुळे डिस्क फॉरमॅट केली तरी त्या नोंदी जात नाहीत. आमच्या लॉगमध्ये एकाच स्लॉटचे (मेमरी बसवण्याच्या खाचेचे) नाव ओळीने येत होते. सर्व्हरची ईसीसी मेमरी एका बिटची चूक स्वतः सुधारून घेते. दोन बिट एकदम चुकले तर ती चूक फक्त ओळखता येते, सुधारता येत नाही, आणि तेव्हा यंत्र थांबते. सुधारलेल्या चुकांची रांग आणि तिच्या शेवटी न सुधारलेली चूक, असा क्रम आम्ही स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिला.

त्याच लॉगमध्ये बोर्ड "बदलण्याच्या" कितीतरी आधीच्या तारखा होत्या. लॉग मदरबोर्डवरच साठत असल्याने बोर्ड खरोखर नवा असता, तर त्या तारखा तिथे असणे शक्यच नव्हते. "नव्या" डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते ती नोंद) काढली, तर चालू राहिल्याचे तास २६,००० च्या पुढे निघाले. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे ती डिस्क दुसरीकडे जवळजवळ तीन वर्षे अखंड राबून आमच्याकडे आली होती.

खरा दोष शोधायला फार वेळ लागला नाही. संशयित रॅम, म्हणजे त्या स्लॉटमधली मेमरी, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. चूक रॅमबरोबर सरकली तर रॅम खराब, जुन्याच स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसर तपासायचा. आमच्याकडे ती रॅमबरोबर गेली. एका रॅमच्या खर्चात मिटणारे काम होते, याचा संताप अजून जात नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सामान्यतः बसत नाही, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. म्हणून आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा तक्रार अर्ज पोलिसांत दिला. अर्जाला कच्चे बिल, पैसे दिल्याच्या पावत्या आणि लॉगच्या छापील प्रती जोडल्या. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी आतल्या भागांवरच्या सिरीयल नंबरांचे फोटो काढावेत आणि लॉगची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी, कारण हा लॉग पुसण्याची सोय सर्व्हरमध्येच असते आणि तो पुसला गेला असता, तर बोर्ड जुनाच असल्याचा आमच्या हातातला पुरावाही गेला असता.