हॅव आय बीन पोन्ड: तीन वर्षं वापरल्यावर

डोंबिवलीत माझं जीएसटी रिटर्न भरायचं छोटं ऑफिस आहे. साठ-पासष्ट अशील, बहुतेक दुकानदार, आणि त्यांचे ईमेल-पासवर्ड माझ्या ड्रॉवरमधल्या लाल वहीत. (असं लिहून ठेवू नये, ठाऊक आहे. रात्री नऊला शेठजींना फोन करून पासवर्ड विचारून बघा, मग बोला.) त्यामुळे २० तारखेची गडबड संपली की दर महिन्याला मी 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट उघडतेच.

काम साधं. ईमेल टाकला की तो आजवर कुठल्या कुठल्या कंपनीच्या डेटागळतीत सापडलाय ते समोर येतं: कधी, किती जणांचं, काय काय गेलं. ऑस्ट्रेलियाचे सायबर सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये, अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे १५ कोटी खाती फुटल्यावर, ही साइट सुरू केली. पैसे लागत नाहीत. ईमेल नोंदवून ठेवला तर पुढच्या गळतीची खबर घरपोच.

मला अशी खबर आली ती एका कपड्यांच्या साइटची. दिवाळीत दोन कुर्ते घेतले, तेवढाच संबंध. नाव, पत्ता, मोबाईल, सगळं गेलेलं. कंपनीकडून अवाक्षर नाही. त्याच आठवड्यात सेलचे तीन मेल मात्र आले. कस्टमर केअरला विचारलं तर 'तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि एक तिकीट नंबर. एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कळवावी लागते, पण ते सरकारला. ग्राहकाला कळवायचं कलम २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आलंय. कुर्तेवाल्यांपर्यंत ते कधी पोचतंय बघू.

माझ्या जुन्या ईमेलखाली झोमॅटोचीही नोंद आहे, २०१७ ची, सुमारे १.७ कोटी खाती. पण त्यांनी ते स्वतःहून जाहीर केलं होतं आणि पुढे कसं घडलं तेही लिहिलं. त्यांच्या एका डेव्हलपरचं खातं 'ट्रिपल झीरो वेबहोस्ट' या वेबसाइट होस्टिंगच्या साइटवर होतं. ती साइट २०१५ मध्ये फुटली. प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या गिटहबला त्याचा पासवर्ड तोच. चोर तिथून कोडपर्यंत, कोडमधल्या फटीतून डेटाबेसपर्यंत. हे वाचलं आणि मी लाल वही उघडली. अकरा अशिलांचा जीएसटीला, मेलला आणि बँकेला एकच पासवर्ड. दोन दिवस त्यातच गेले. झोमॅटोनं नुसतं 'दिलगीर आहोत' म्हटलं असतं तर मी ती वही उघडली नसती.

त्या अकरांतले एक स्पेअर पार्टवाले काका. "अहो मॅडम, माझ्या पासवर्डची कुणाला पडलीय?" साइटवर पासवर्ड तपासायची वेगळी सोय आहे, तिथे त्यांच्यासमोरच 'साईराम१२३' इंग्रजीत टाकलं. पान लाल झालं, म्हणजे हा पासवर्ड गळतीत सापडलेला. म्हणाले, "माझा चोरला?" म्हटलं, तुमचाच असं नाही, हाच ठेवणारे बरेच आहेत. "एवढे भक्त!" काका खूश.

तिथे पासवर्ड टाकायला मीही आधी घाबरले होते. पण तो जसाच्या तसा जात नाही. त्याचा चाळीस अक्षरी सांकेतिक ठसा तयार होतो, त्यातली पहिली पाचच अक्षरं पाठवली जातात, उरलेली जुळणी आपल्याच मशीनवर. वॉचमनला नुसती विंग सांगावी आणि फ्लॅट आपला आपण शोधावा, तसं.

तक्रारी आहेतच. सगळं इंग्रजीत. शोध ईमेलनेच, आणि आमच्या अशिलांची निम्मी खाती मोबाईल नंबरावर. 'काही सापडलं नाही' याचा अर्थ इतकाच की या साइटपर्यंत काही आलेलं नाही. ते बघून निर्धास्त होणारे मी पाहिलेत.

माझा विश्वास बसला तो मार्च २०२५ मध्ये. हंट स्वतःच एका फसव्या मेलला भुलले आणि त्यांच्या मेलिंग लिस्टमधले सुमारे १६ हजार पत्ते गेले. ३४ मिनिटांत त्यांनी ते लिहून जाहीर केलं, यादीतून नाव काढून घेतलेल्यांचेही पत्ते त्यात होते हेही सांगितलं, आणि ती गळती स्वतःच्याच साइटवर चढवली. माझ्याकडून साडेचार तारे.

काकांचा नवा पासवर्ड मी वहीत लिहिलेला नाही. त्यांनी तो दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलाय.