‘तुमचं इंटरनेट तपासा’: एका ऑफिस पॅकेजचे अकरा महिने

लेखन, तक्ते, स्लाइड, मेल. या पॅकेजात काय काय येतं ते सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पॅकेजचं नावही घेत नाही. कोणाची चूक किती हे ठरवताना माझाच हिशेब मध्ये दोनदा फिरला, मग उगाच नाव कशाला घ्यायचं? पुढचं सगळं एकाच वाक्याबद्दल आहे. ‘अपडेट करता आलं नाही. तुमचं इंटरनेट कनेक्शन तपासून पुन्हा प्रयत्न करा.’

हे वाक्य मी सात महिने वाचलं. पहिले तीन महिने सगळं सुरळीत होतं. अपडेट मागच्या मागे यायचं, मला पत्ताही लागायचा नाही. चौथ्या महिन्यात ही पिवळी पट्टी वर आली आणि तिथेच बसली. मी इंटरनेट तपासलं. व्यवस्थित होतं. ब्राउझर चालतोय, मेल येतायत, व्हिडिओ कॉल चालू आहे, आणि त्या कॉलच्या मागे ही पट्टी मला इंटरनेट तपासायला सांगतेय! राउटर बंद करून चालू केला. फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहिलं, तेच वाक्य. लाइन तपासायला आलेल्या माणसाने वेग मोजून दाखवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंना दुसरं काही काम नसावं.

आता लक्षात येतं की खरी खूण त्या हॉटस्पॉटमध्येच होती. दोन वेगळ्या वाटांनी गेलं आणि अडखळलं एकाच जागी, म्हणजे दगड वाटेत नाही, घरात आहे. पण तेव्हा मी रागात होते आणि रागात माणूस फक्त ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबतो.

मग ग्राहक सेवा. चॅटवर चार वेळा गेले आणि चारही वेळा पहिल्यापासून गाथा सांगितली, कारण आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं पुढच्याला दिसतच नव्हतं, किंवा तो वाचत नव्हता. उपाय ठरलेले: रीस्टार्ट करा, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, दुरुस्ती चालवा. रीस्टार्टवरून मी भांडले. म्हटलं, रोज रात्री कॉम्प्युटर बंद करते, आणखी काय रीस्टार्ट करू? इथे मात्र समोरचा बरोबर होता, मान्य करते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर सगळं पुसलं जात नाही. आतल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ दाबलं तरच खरी नवी सुरुवात होते. म्हणजे रोज बंद करूनही माझा कॉम्प्युटर कित्येक आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने उठलाच नव्हता. हे या भांडणातून मिळालेलं पहिलं फुकट ज्ञान. अपडेट अर्थात तरीही झालं नाही.

दुरुस्तीचे दोन प्रकार मिळाले, झटपट आणि संपूर्ण. झटपट दुरुस्ती पाच मिनिटांत ‘पूर्ण झाली’ म्हणते. काय दुरुस्त केलं ते मात्र सांगत नाही. संपूर्ण दुरुस्ती सगळं नव्याने उतरवते, आणि ती सुरू होताच तेच वाक्य: इंटरनेट तपासा.

चॅटवरच्या तिसऱ्या माणसाने ‘कॉम्प्युटर पूर्ण रीसेट करा’ असं सुचवलं. एका पट्टीसाठी पाच वर्षांची मांडामांड मोडायची! मी नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मेल आला, ‘आपली तक्रार सोडवली आहे, किती तारे द्याल?’ एक दिला. शून्याची सोय असती तर तो दिला असता.

मधल्या काळात पर्याय म्हणून लिब्रेऑफिस हे फुकट मिळणारं ऑफिस पॅकेज टाकून पाहिलं. विंडोजवर त्याचा साधा रस्ता असा की नवी आवृत्ती आली की पूर्ण इन्स्टॉलर उतरवायचा आणि जुन्यावर चालवायचा. साडेतीनशे एमबीच्या आसपासची एक फाइल. मागच्या मागे काही चालत नाही, त्यामुळे मागच्या मागे अडकायचाही प्रश्न नाही. शिवाय २०२४ पासून त्यांच्या आवृत्तीचा आकडाच वर्ष-महिन्याचा झालाय, २४.२ म्हणजे २०२४ चा दुसरा महिना. आपलं किती शिळं झालंय ते बघताक्षणी कळतं. माझ्या पैसे भरलेल्या पॅकेजात हा आकडा मेनूच्या तिसऱ्या पायरीवर लपलेला, आणि एवढा लांब की फोनवर सांगताना मी दोनदा चुकले. पण माझ्या गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी तिथे हलत होती आणि ग्राहकांना मी त्याच फाइली परत पाठवते. तेव्हा परत इकडेच.

अपडेट नाही झालं तर काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. मग दुसऱ्या एका पॅकेजची, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची, जुनी गोष्ट वाचनात आली. त्यात समीकरणं लिहायचा इक्वेशन एडिटर नावाचा छोटा भाग होता. तो २००० साली तयार झालेला आणि तसाच पुढे चालत आलेला. त्यातली एक खोट २०१७ मध्ये उघड झाली: कुणी मुद्दाम बनवलेली फाइल नुसती उघडली तरी परक्याचा प्रोग्राम चालू शकत होता. त्या नोव्हेंबरमध्ये अपडेटने खोट बुजवली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो भागच काढून टाकला. ज्यांच्याकडे अपडेट पोचलं नाही त्यांच्याकडे ते दार उघडंच राहिलं. हे वाचल्यापासून मेलला जोडून आलेली अनोळखी फाइल उघडताना माझा हात थबकायला लागला, आणि पिवळ्या पट्टीचा नुसता राग येत होता त्यात भीतीही मिसळली.

सहाव्या महिन्यात सगळं काढून परत टाकलं. सुमारे चार जीबीचा ऑफलाइन इन्स्टॉलर ब्राउझरने उतरवला. महिन्याचा डेटा मोजून मिळतो, त्यामुळे ते चार जीबी जिवावर आले. पण चाललं! आवृत्ती ताजी, पट्टी गायब. त्या आनंदात मी एकाचे चार तारे केले आणि ‘थोडा धीर धरा, पुन्हा टाकून बघा’ असा शहाणपणाचा सल्लाही लिहून ठेवला. तो सल्ला आता मागे घेते. पाच आठवड्यांनी पुढचं अपडेट आलं आणि पट्टी आपल्या जागी येऊन बसली. मी ताजा माल स्वतः हाताने आत आणून ठेवला होता, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता बंदच होता.

दहाव्या महिन्यात, एका रविवारी, मी त्या वाक्याखालची ‘तपशील’ ही राखाडी, मुंगीएवढी लिंक दाबली. आधी का नाही दाबली? दिसली नव्हती. तिथे शून्य, एक्स आणि पुढे ८००७२ईएफडी असा कोड होता. असे कोड बघून घाबरायचं नसतं हे त्या दिवशी कळलं. सुरुवातीचे ८००७ म्हणजे विंडोजची नेहमीची चूक-यादी. शेवटचे चार, २ईएफडी, ही सोळाच्या पटीत लिहिलेली संख्या (म्हणून आकड्यांत अक्षरं), ती कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर नेऊन साध्या दशमानात आणले की १२०२९ येतात. आणि १२०२९ चा अर्थ ठरलेला आहे: सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही. पत्ता सापडला नाही तर १२००७ येतो, वाट बघून वेळ संपली तर १२००२. म्हणजे सर्व्हरचा पत्ता माहीत नाही असं नव्हतं, उशीर झाला असंही नव्हतं. ज्या दारावर थाप मारली ते दारच बंद होतं. पण कुठलं दार?

मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी, उघडून ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही आज्ञा दिली (अर्थात रोमन अक्षरांत). उत्तर आलं: प्रॉक्सी १२७.०.०.१, पोर्ट ८०८०. प्रॉक्सी म्हणजे ज्याच्यातून इंटरनेटची ये-जा वळवली जाते तो मध्यस्थ. हा १२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच. अपडेट आणणारी सेवा बाहेर जायच्या आधी माझ्याच कॉम्प्युटरमधल्या एका मध्यस्थाला विचारायला जात होती आणि तिथे कोणी नव्हतं.

तो मध्यस्थ कुठून आला ते आठवायला वेळ लागला नाही. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला डेटा वाचवणारा एक फुकट प्रोग्राम मी मोठ्या हौसेने टाकला होता. सगळी ये-जा आपल्यातून वळवायची, जाहिराती गाळायच्या, असं त्याचं काम. आठवड्यात कंटाळून काढून टाकला. जाताना त्याने ब्राउझरची प्रॉक्सी नीट काढली, पण या दुसऱ्या जागेची तशीच ठेवली. आणि ही दुसरी जागा असते हेच मला माहीत नव्हतं. सेटिंगमध्ये दिसते ती प्रॉक्सी त्या त्या वापरणाऱ्याची. मागे चालणाऱ्या सेवा सिस्टिमच्या खात्यातून चालतात, त्यांना माझी सेटिंग दिसत नाही. त्यातल्या बऱ्याच जणी विनएचटीटीपीची, म्हणजे विंडोजमधल्या वेबशी जोडणी करणाऱ्या भागाची, वेगळी नोंद पाहतात. मी पुढच्या दाराने दिवसभर ये-जा करत होते आणि ‘दार उघडंच आहे की’ म्हणून ओरडत होते. मागच्या दाराला कडी होती, आणि ती माझ्याच काटकसरीने घातलेली.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याच आज्ञेत ‘शो’च्या जागी ‘रीसेट’ लिहिलं. एक सेकंद. ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलं आणि आकडा हलू लागला. (ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे परस्पर करू नका. तिथे प्रॉक्सी मुद्दाम ठेवलेली असू शकते, आयटीवाल्यांना विचारा.)

आता त्या वाक्याचं काय करायचं? सात महिने ज्याला मी खोटारडं म्हणत होते ते खरं बोलत होतं. अपडेट सेवेपुरतं इंटरनेट खरंच बंद होतं. पण हा खरेपणा मला फारसा पटत नाही. १२०२९ त्याला ठाऊक होता, प्रॉक्सीचा पत्ता त्याला ठाऊक होता, वाटेत कुठे अडलं तेही ठाऊक होतं, आणि मला सांगताना ‘इंटरनेट तपासा’! ‘प्रॉक्सी १२७.०.०.१ उत्तर देत नाही’ एवढं छापलं असतं तर माझे चार चॅट, चार जीबी आणि एका निरपराध लाइनमनची खेप वाचली असती. तपशील मुंगीएवढ्या अक्षरात लपवणाऱ्यांनी वापरणाऱ्याला नक्की काय समजून ठेवलंय?

अडकलेली अपडेट एकदम उतरल्यावर एक सुखद धक्का बसला. मोठ्या तक्त्यात फिल्टर लावला की माझा कॉम्प्युटर अर्धा मिनिट गोठायचा. त्यावर मी उपायही बसवला होता: आधी सेव्ह, मग फिल्टर, मग पाणी प्यायला उठायचं. आता फिल्टर लागतो तसा लागतो. बदलांच्या यादीत पाहिलं तर ही दुरुस्ती तीन महिन्यांपूर्वीच निघालेली. तीन महिने मी उगाच पाणी पीत होते. उलट, छपाईचं बटण नव्या जागी नेऊन ठेवलंय, ते मला अजून सापडत नाही आणि मी किबोर्डवरून काम भागवते.

तारे आता तीन केलेत. साडेतीन द्यायचे होते, पण अर्धा तारा देता येत नाही. अर्धा माझ्या त्या फुकट प्रोग्रामच्या खात्यातून वळता झाला असं समजा. वर्ष संपायला महिना आहे. नूतनीकरण करेन, पण आपोआप पैसे कापण्याची खूण काढून ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. चॅटवाल्याच्या सांगण्यावरून अँटिव्हायरसला या पॅकेजचा अख्खा फोल्डर न तपासण्याची सूट दिली होती, ‘थोड्या वेळासाठी’. ती काल काढली.