गोएमोनला नावं ठेवण्याआधी कंट्रोलर पॅक तपासा

कोनामीचा 'मिस्टिकल निन्जा स्टारिंग गोएमोन' निन्टेन्डो ६४ या जुन्या गेम कन्सोलसाठी जपानात ७ ऑगस्ट १९९७ ला आला आणि इंग्रजीत १९९८ मध्ये. सोलापुरात जुन्या कॅसेटींची हौस असलेल्यांत या गेमवरून सरळ दोन तट आहेत. एका तटाला निन्टेन्डो ६४ वर याच्याइतका मोकळाढाकळा, खुळा आणि प्रेमळ गेम दुसरा दिसत नाही. दुसरा तट पहिल्याच किल्ल्यात कंट्रोलर खाली ठेवतो. दोन्हीकडचं नीट ऐकलं की कळतं, बऱ्याच तक्रारी गेमच्या नाहीतच. त्या कंट्रोलरच्या झिजलेल्या स्टिकच्या आणि सेव्ह राखणाऱ्या पॅकमधल्या मेलेल्या बॅटरीच्या आहेत. कॅमेऱ्याची तक्रार मात्र खरी आहे.

गोएमोन म्हणजे इशिकावा गोएमोन, सोळाव्या शतकातला दंतकथा झालेला जपानी दरोडेखोर. त्याला १५९४ मध्ये क्योतोत उकळून मारलं. गेममधला गोएमोन निळ्या केसांचा, हातात लांब चिलीम, डोकं गरम आणि मन साफ. सोबत खादाड एबिसुमारू, यांत्रिक निन्जा सासुके आणि तलवारवाली याए. पीच माउंटन शोगन नावाची टोळी आकाशातून किरण सोडून ओएदो शहरातल्या किल्ल्याचा युरोपी वाडा करून टाकते, कारण त्यांना अख्ख्या जपानचा रंगमंच करायचा आहे. आपल्याकडच्या संगीत नाटकात ऐन प्रसंगात पात्र पद सुरू करतं, तसे इथले खलनायक मध्येच गाऊ लागतात. इंग्रजी आवृत्तीतही गाण्यांचे बोल जपानीच ठेवले आहेत, आणि ते बरं केलं. संवादांच्या मागे ध्वनिमुद्रित हशा वाजतो, तो काहींना डोक्यात जातो. तासाभरात कानाला सवय होते आणि मग विनोदाची वेळ त्या हशावरच बेतलेली आहे हे ध्यानात येतं.

खेळाची खरी मजा चार जणांच्या वाटणीत आहे. गोएमोनला साखळीची चिलीम मिळाली की ताऱ्याची खूण असलेल्या ठोकळ्यांना ती अडकवून दरी ओलांडता येते. एबिसुमारूचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारं दाखवतो, आणि पुढे तो इवलासा होऊन बिळाएवढ्या दारांतून जातो. सासुकेच्या फटाक्यांनी तडे गेलेल्या भिंती फुटतात. याए जलपरी होऊन पाण्याखाली उतरते. कुठल्याही खोलीत अडलात तर आधी चारही जण एकेकदा बदलून पाहा. नव्या खेळाडूंचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. वाट अजिबात सुचत नसेल तर गावातल्या प्लाझ्मा नावाच्या ज्योतिष्याला थोडे ऱ्यो, म्हणजे गेममधली नाणी, द्या. त्याचा सल्ला कामाचा असतो.

पैशांबाबत हात आखडता ठेवा. गोएमोन नाणी फेकून मारतो आणि प्रत्येक फेकीला खिशातला ऱ्यो खरोखर जातो. दूरच्या शत्रूला नाणं ठीक, जवळच्याला चिलीमच बरी. मांजराची मूर्ती सापडली की हत्यार वाढतं आणि मार बसला की एक पायरी खाली येतं. त्यामुळे वाढलेल्या हत्याराने बेधडक घुसण्यापेक्षा ते राखत जाणं शहाणपणाचं. चांदीच्या चार बाहुल्या जमवल्या की एक हृदय वाढतं, सोन्याची एकच बाहुली पुरते. गावांतली घरं आणि आडवाटा घाईने मागे टाकू नका, कारण पुढच्या किल्ल्यांत प्रत्येक हृदय उपयोगी पडतं.

आणि मग इम्पॅक्ट. शंख फुंकला की हा अवाढव्य यंत्रमानव येतो, पायात रोलर स्केट. आधी त्याला दौडवायचं आणि वाटेतली घरं-झाडं उडवत तेल आणि ऱ्यो गोळा करायचे. नवखे हा टप्पा निव्वळ गंमत समजून अडथळे चुकवत पळतात. इथे चुकवायचं नसतं, आपटायचं असतं. इथे जमलेलं तेल म्हणजे पुढच्या लढाईतला जीव आणि ऱ्यो म्हणजे दारूगोळा. कमी तेलावर लढाईत उतरलात तर खुद्द लढाई सोपी असूनही हराल. लढाई इम्पॅक्टच्या डोळ्यांतून दिसते. शत्रूचा मारा येताना हात आडवे धरून अडवायचं, तो थांबला की साखळीने जवळ ओढायचं आणि ठोसे लगावायचे. दुरून नुसता नाणी मारत बसणारा दारूगोळा संपवून बसतो. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतका दणदणीत प्रसंग शोधूनही सापडणं कठीण आहे.

आता कॅमेरा. मोकळ्या मैदानात तो बरा वागतो. भिंतीजवळ आणि अरुंद खोल्यांत तो अडतो, हवा तसा वळत नाही, आणि नेमक्या तिथेच छोट्या फळ्यांवरच्या उड्या ठेवल्या आहेत. उपाय एकच: उडी मारण्याआधी पूर्ण थांबा, कॅमेरा होईल तितका पाठीमागे आणा आणि हवेत असताना पडद्याच्या खोलीपेक्षा पायाखालच्या सावलीवर भरवसा ठेवा. धावत्या उड्यांचा नाद सोडलात तर पडणं खूप कमी होतं. तरीही हा दोष आहेच. गेम आवडतो म्हणून तो झाकू नये.

यात झिजलेल्या स्टिकची भर पडली की खेळणं अशक्य होतं. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरमधली स्टिक आतल्या प्लास्टिकच्या वाटीवर घासते, पांढरी भुकटी पडते आणि स्टिक सैल होते. जुना कंट्रोलर घेताना स्टिक पुढे ढकलून सोडा. ती लुळी पडली आणि मधोमध परत आली नाही तर घेऊ नका.

सर्वांत मोठा घोटाळा सेव्हचा. या कॅसेटमध्ये सेव्ह होत नाही. कंट्रोलरच्या पाठीत खोचायचा कंट्रोलर पॅक लागतोच, आणि सेव्ह करायचं ते गावातल्या धर्मशाळेत. त्या पॅकमध्ये सीआर२०३२ बॅटरी असते आणि ती मेली की कन्सोल बंद होताच सगळं पुसलं जातं. जुन्या पॅकची बॅटरी आज जिवंत असेल असं धरून चालू नका. नवी पेठेतला मोबाईल दुरुस्तीवाला पत्त्या लावलेली सीआर२०३२ डाग देऊन बसवून देईल, फक्त त्याला जुनी बॅटरी काढतानाच धन-ऋण बाजू बघून ठेवायला सांगा. बदलताना जुने सेव्ह जातात, म्हणून हे काम गेम सुरू करण्याआधी उरका. मोबाईलवर किंवा संगणकावर खेळत असाल तर सेटिंगमध्ये कंट्रोलरला मेमरी पॅक (म्हणजे हाच कंट्रोलर पॅक) जोडलेला आहे ना, हे आधी पाहा. तिथे कंट्रोलर थरथरवणारा रंबल पॅक निवडलेला असला तर धर्मशाळेत सेव्ह होणार नाही. टचस्क्रीनवर मात्र हा गेम खेळूच नका.

कन्सोल घेताना अमेरिकी कन्सोल आणि अमेरिकी कॅसेट अशी जोडी घ्या. जपानी कॅसेटच्या पाठीच्या खाचा वेगळ्या असल्याने ती अमेरिकी कन्सोलमध्ये बसत नाही, आणि युरोपी आवृत्ती ५० हर्ट्झची, अमेरिकी कन्सोलशी न जुळणारी. अमेरिकी कन्सोलचा वीजपुरवठ्याचा ठोकळा १२० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलात तर जळेल. हा ठोकळा मागून सुटा निघतो आणि त्या जागी युरोपी २३० व्होल्टचा ठोकळा जसाच्या तसा बसतो. वेगळा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा हे सुटसुटीत. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आलं तर मेनूत कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी करा. एप्रिल-मेच्या उन्हात कन्सोल फळीवर ठेवा, चादरीवर नको. खालून हवा खेळली पाहिजे. लाईट जाण्याचे दिवस असतील तर किल्ल्यात शिरण्याआधी धर्मशाळेची फेरी चुकवू नका.

कॅसेट चालू होत नसेल तर फुंकर मारू नका, ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, दोन मिनिटं वाळू द्या.

संगीताबद्दल थोडंच, कारण त्यावर दोन्ही तटांचं एकमत आहे: किल्ल्यात जसजसं आत जावं तसतशी चाल भरत जाते, आणि तेवढ्यासाठीही एकदा खेळावं. भाषा मात्र लागते. संवाद भरपूर आहेत, सगळे इंग्रजीत, त्यामुळे लहान मुलांना शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल.

हा गेम एकट्याने खेळायचा आहे. घरात दोघं भावंडं कंट्रोलरसाठी भांडत असतील तर याच मालिकेतला पुढचा 'गोएमोन्स ग्रेट ॲडव्हेंचर' घ्या. तो बाजूने दिसणारा आहे, दोघांना एकत्र खेळता येतो, आणि कॅमेऱ्याची कटकट तिथे नाही. जुनं यंत्र सांभाळायचंच नसेल तर 'बाकेरू' आहे. तो गुड-फील या कंपनीचा, २०२४ मध्ये इंग्रजीत निन्टेन्डो स्विचवर आणि संगणकासाठी स्टीमवर आला, आणि गोएमोन घडवणाऱ्यांतले एत्सुनोबू एबिसू त्याच्यामागे आहेत. तिथेही अख्खं जपान पालथं घालायचं आणि तिथेही यंत्रमानव आहे, पण संगीत नाटकाचा तो थाट हवा असेल तर १९९७ चीच कॅसेट लागेल.