घाण्याचं खोबरेल आणि गुलाबी कॅलामाइन: पाच महिने वापरून

डिसेंबरात पाचवा महिना लागला आणि पोटाला खाज सुटली. सासूबाई म्हणाल्या, "खाजतंय म्हणजे बाळाला जावळ भरपूर." असेलही. रात्री दोन वाजता त्या जावळाचं कौतुक सुचत नाही.

आधी स्ट्रेच मार्कसाठीचं एक महागडं क्रीम आणलं. वास सुंदर, तिसऱ्या दिवशी पोटावर लाल चट्टे. डॉक्टरांनी ते बंद केलंच, शिवाय माझी रेटिनॉलवाली (अ जीवनसत्त्वाचा प्रकार, गरोदरपणात टाळायचा) नाइट क्रीमही कपाटात ठेवायला लावली. मग आलं लाकडी घाण्याचं खोबरेल. सोलापुरातही थंडीत ते थिजतं, चमच्याने खरवडून तळहातावर चोळायचं. पहिले आठ दिवस काहीच फरक नाही, कारण मी कढत पाण्याने अंघोळ करून, अंग खडखडीत पुसून तेल लावत होते. कोमट पाणी घेतलं, अंग नुसतं टिपलं, ओलसर असतानाच तेल लावलं, तेव्हा ओढल्यासारखं वाटणं थांबलं. गाऊन मात्र दोन कायमचे तेलकट.

मार्चमध्ये उलटं झालं. घाम आणि तेल मिळून छातीखाली घामोळं. तिथे कॅलामाइन लावलं. बाटली नीट हलवली नाही तर नुसतं पाणी येतं. अर्धा-पाऊण तास गार वाटतं, मग गुलाबी पूड चादरभर. कोरड्या पोटावर रोज लावू नका, आणखी कोरडं पडतं.

स्ट्रेच मार्क? आठव्या महिन्यात बेंबीखाली जांभळे उमटलेच. तेलाने ते टळतात म्हणणाऱ्या दुकानदाराला माझं पोट दाखवायला हवं होतं.

चौतिसाव्या आठवड्यात तळहात-तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, पण रात्री जीव नकोसा. तीन रात्री तेल चोळलं, पायांना कॅलामाइन फासलं, ढिम्म फरक नाही. उन्हाळा म्हणून सोडून देणार होते, जाऊबाईंनी दटावून फोन करायला लावला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून बाइल अ‍ॅसिड (पित्तातली आम्लं) आणि लिव्हरची रक्ततपासणी केली. गरोदरपणात पित्त रक्तात साठलं तर अशीच खाज येते आणि त्याचा धोका बाळाला असतो, म्हणून थांबायचं नसतं. माझे रिपोर्ट चांगले आले. तरी अशा खाजेला यातली कुठलीच बाटली उघडू नका, आधी फोन करा.

तेल अजून पाव बाटली आहे. आई बाळाला तेच चोळते. मला आता खोबरेलाचा वास नको झालाय. जावळ म्हणाल तर बेताचंच आहे.