हेपॅरिनची ड्रिप की एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन?

दोन्ही रक्त गोठू न देणारी औषधं. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या पेशंटला यांतलं काय द्यायचं ते डॉक्टरच लिहितात. पण वॉर्डाची पद्धत बसवताना सिस्टरांना विचारलं जातं, आणि तिथे आपल्या मताला वजन असतं.

हेपॅरिनचा लगाम हातात राहतो. पंप बंद केला की तास-दीड तासात परिणाम निम्म्यावर येतो. रक्तस्राव झालाच तर हेपॅरिनच्या 100 युनिटांमागे 1 मिग्रॅ प्रोटामिन हा उतारा तो परिणाम पुरता उतरवतं. एनॉक्सापॅरिनवर प्रोटामिन अर्धंमुर्धंच चालतं. त्यामुळे ऑपरेशन तोंडावर असेल किंवा किडनी फार बिघडली असेल, तर ड्रिपच बरी.

खटकतं ते एपीटीटी, म्हणजे हेपॅरिनचा डोस जुळवायला रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी. 60 किलोच्या पेशंटला किलोमागे 80 युनिटांनी 4,800 चा बोलस (एकदम दिलेला पहिला डोस), मग किलोमागे 18 ने तासाला 1,080. सिरिंजमध्ये 50 मिलीत 25,000 युनिट असतील तर पंप 2.2 मिलीवर. इथवर सोपं आहे. पुढे दर 6 तासांनी सॅम्पल, आणि दर बदलला की पुन्हा 6 तासांनी. निळ्या टोपीची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर रक्ताच्या मानाने त्यातलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढतो. ड्रिप चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तरी तेच. मग त्या आकड्यावर विसंबून पंप कमी केला जातो आणि गुठळीला पुरेसं औषध पोचत नाही. रात्री तर रिपोर्ट हातात येईतो पुढच्या सॅम्पलची वेळ झालेली असते. माझ्या पाहण्यात बहुतेक चुका याच साखळीत होतात.

शिवाय 5 मिलीची व्हायल 5,000 युनिटांचीही येते आणि 25,000 चीही. पहिलीतून 4.8 मिली काढले तर बोलस बरोबर. दुसरीतून तेवढेच काढले तर पाचपट. प्रति मिलीचा आकडा दोघींनी मोठ्याने वाचावा.

एनॉक्सापॅरिन किलोमागे 1 मिग्रॅ, दर 12 तासांनी: याच पेशंटला 60 ची तयार सिरिंज. एपीटीटी नाही, पंप नाही. वजन मात्र काट्यावर करा, अंदाजाने नको. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) मिनिटाला 30 मिलीच्या खाली असेल तर तोच डोस 24 तासांतून एकदा, म्हणून पहिल्या डोसआधी रिपोर्ट बघा. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर हवेचा बुडबुडा काढू नका, त्याबरोबर औषध सांडतं. बेंबीपासून 5 सेंमी दूर, कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही, आणि नंतर चोळायचं नाही. चोळल्याने पोटावर काळेनिळे डाग उठतात.

प्लेटलेट दोन्हींत बघायच्या, विशेषतः 5 ते 10 व्या दिवसांत. औषधामुळे प्लेटलेट पडण्याचा धोका हेपॅरिनमध्ये अधिक. निम्म्यावर आल्या तर लगेच कळवा. हेपॅरिनमुळे प्लेटलेट पडल्या म्हणून एनॉक्सापॅरिनवर जाणं चालत नाही.

किडनी ठीक आहे, ऑपरेशन ठरलेलं नाही, असा पेशंट असेल तर मला सिरिंजच बरी वाटते. फक्त पाठीत एपिड्यूरल कॅथेटर (कण्याजवळ औषध सोडायची बारीक नळी) असेल तर तो काढण्याआधी शेवटचा डोस किती वाजता दिला ते सांगा: पूर्ण डोसनंतर 24 तास थांबावं लागतं.