अश्वगंधा कॅप्सूल: झोपेला मदत झाली, पण थायरॉइड असेल तर आधी डॉक्टर

सोलापुरात एका कर सल्लागाराकडे मी नोकरी करते. जुलैत रिटर्नची गर्दी सुरू झाली की अंथरुणाला पाठ टेकल्यावरही डोक्यात टीडीएसच फिरत असतो. म्हणून या कॅप्सूल घेतल्या. एकीत मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम. जेवणानंतर घेते, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. डबी उघडताच उग्र वास येतो, पण चूर्ण दुधातून प्यायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं, त्यापेक्षा हे सोपं.

पहिल्या रात्री काहीच जाणवत नाही. दोनेक आठवड्यांनी मात्र झोप लवकर लागायला लागली आणि ऑफिसात चिडचिड कमी झाली. चिंता मुळातून जाईल अशी आशा ठेवून घेऊ नका. 2012 साली हैदराबादमध्ये 64 जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज दोनदा 300 मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांचा ताण 60 दिवसांत कमी झालेला दिसला. पण तो दोन महिन्यांचा अभ्यास आहे. त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं घेत राहणं मला पटत नाही.

माझं पाहून वहिनींनाही हव्या होत्या. त्या रोज थायरॉइडची गोळी घेतात. मी म्हटलं, 'वहिनी, आधी डॉक्टरांना विचारा.' डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, कारण अश्वगंधेने थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तरी विचारूनच घ्यावी. गरोदरपणात तर नकोच. क्वचित काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच बंद करून दवाखाना गाठा. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्याकडे औषध 'आयुर्वेदिक' म्हटलं की कुणी काही विचारत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

विकत घेताना डबीवरची बारीक अक्षरं वाचा. अर्क मुळाचा हवा. पानं वापरू नयेत, असं आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना कळवलं होतं. दुकानदाराने स्वस्तातली दुसरी डबी पुढे केली होती, तिच्यावर वनस्पतीचा कोणता भाग वापरलाय तेच लिहिलं नव्हतं. ती मी तिथेच परत केली.

रिटर्नची गडबड संपली की मी कॅप्सूल बंद करते. पुढच्या हंगामात पुन्हा घेईन.