खातं बदललंय, हा मेल मी पाठवलाच नव्हता

मी तासगावात बेदाण्याचा छोटा व्यापार करतो. दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला 15 किलोच्या 62 पेट्या पाठवल्या. बिल झालं 1,86,000 रुपये. दहा दिवसांनी पैशांसाठी फोन केला, तर ते म्हणाले, "अहो भाऊ, पैसे केव्हाच टाकले की! तुम्ही नवीन खातं कळवलंत ना, त्यातच."

मी कुठलंही खातं कळवलं नव्हतं. त्यांनी मला तो मेल पुढे पाठवला. पत्ता माझाच, बिल माझंच, खाली सही करायची पद्धतही माझीच. बदलला होता फक्त खाते क्रमांक. आणि त्यांनी शंका येऊन "खरंच बदललं का?" असं विचारलं होतं, त्यालाही माझ्याच मेलवरून "हो शेठ" असं उत्तर गेलेलं! मला यातलं काहीच दिसलं नाही, कारण चोराने माझ्या मेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर लावून ठेवला होता. शेठजींचा मेल आला की तो थेट कचऱ्यात जायचा. भाच्याने तो शोधून काढला तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या घरात राहून त्याचीच पत्रं फाडावीत, तसा प्रकार.

आत शिरला कसा? माझा पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव, ॲटचं चिन्ह आणि 123. मेलला तोच, वीजबिलाला तोच, आणि कधीकाळी नाव नोंदवलेल्या एका खरेदीच्या साइटलाही तोच. आपला मेल पत्ता कुठल्या फुटलेल्या डेटात आहे ते दाखवणाऱ्या 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर माझा पत्ता टाकला, तर त्या खरेदीच्या साइटचा डेटा केव्हाच फुटल्याचं दिसलं. असे फुटलेले पासवर्ड चोर दुसरीकडे यंत्राने लावून बघतात, शेवटचा आकडा बदलूनही. मी मात्र दर तीन महिन्यांनी 123 चं 124 करून स्वतःला हुशार समजत होतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 सालीच सांगितलंय, की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबीला महत्त्व द्या. एखादा फुटल्याचं कळलं तर मात्र लगेच बदला.

पैसे शेठजींच्या खात्यातून गेले होते, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्यांनी करायचा होता. दहा दिवसांनी केला. तोवर रक्कम तीन-चार खात्यांतून पुढे सरकलेली, 22 हजार तेवढे गोठवता आले. बाकीचं आम्ही दोघांनी निम्मं निम्मं सोसलं. व्यवहार टिकला, हे नशीब.

आता मेलचा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच मराठी शब्दांचा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. तो कुठेही परत वापरत नाही. बाकीचे सगळे पासवर्ड 'पासवर्ड मॅनेजर' नावाचं ॲप बनवतं आणि तेच लक्षात ठेवतं. दोन टप्प्यांची पडताळणीही चालू केली. तुम्ही दुसरं काही करू नका हवं तर, पण आज मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग (म्हणजे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) तेवढं बघा. तिथे तुम्ही न लावलेला फिल्टर किंवा अनोळखी पत्ता दिसला तर तो काढा, पासवर्ड बदला आणि बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढा. नुसता पासवर्ड बदलून फिल्टर तसाच राहिला, तर टपाल फाटतच राहतं.

शेठजी अजूनही माल घेतात. फक्त माझं बिल मेलवर पोचलं, की पाच मिनिटांत फोन येतो, "भाऊ, तुम्हीच ना?"